तुकडा कुठं गेला?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपच्या मागच्या बाजूला गेलं, की आधी दिसतो तो कीस. ओतीव लोखंडाचा कीस काळपट भुकटीसारखा, पोलादाचा लांबलचक, निळसर वेटोळ्यांचा. बाहेरच्या माणसाला तो कचरा वाटतो. टर्नरला त्या किसावरून आत काय चाललंय ते कळतं. हत्यार बोथट झालंय का, फीड जास्त आहे का, कुलंट पोचतंय का. मी आयटीआय करून या धंद्यात आलो आणि तीस वर्षं त्यात काढली. त्यातली शेवटची बारा कागलला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट अंगात मुरली. धातू कापणं हे निम्मं काम. कापलेला कीस त्या जागेवरून बाहेर काढणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच जास्त त्रासाचं.

उदाहरण देतो. क्रँकशाफ्टमध्ये तेल खेळण्यासाठी लांब आणि बारीक भोक पाडावं लागतं. साध्या ड्रिलनं ते पाडायचं तर ड्रिल थोडं आत घालायचं, बाहेर घ्यायचं, कीस झटकायचा, पुन्हा आत घालायचं. याला पेक ड्रिलिंग म्हणतात. प्रत्येक फेरीला ड्रिल भरकटण्याची किंवा मोडण्याची धास्ती. गन ड्रिलमध्ये ही येरझार संपते. त्याच्या पोटातून दाबानं तेल आत जातं आणि अंगावरच्या खाचेतून कीस घेऊन परत येतं. ड्रिल एकदा आत गेलं की काम संपवूनच बाहेर येतं. इथे सुधारणा झाली ती मुख्यतः किसाच्या वाटेत.

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञ स्नेह्यांनी मला एक वापर संपलेली, निर्जंतुक केलेली नळी दाखवायला दिली. नाकातले मस्से काढण्याचं हत्यार. नळीच्या आत दुसरी नळी, दोन्हींच्या टोकाशी खिडकी, मागे शोषणाची वाट. प्रोफाइल प्रोजेक्टरवर धरून पाहिली आणि हसू आलं. ही तर आमचीच मंडळी. त्या दिवसापासून शरीरातला नको असलेला भाग काढण्याच्या हत्यारांचा इतिहास मी मिळेल तिथून वाचत आलो. वैद्यकशास्त्र मला येत नाही. मी हत्यार बघतो, आणि हत्यार बघताना कारखान्यातलाच प्रश्न विचारतो: कापलेला तुकडा कुठं गेला?

सुश्रुताची मोजदाद

आपल्याकडे शस्त्रक्रियेचा विषय निघाला की सुश्रुताचं नाव घेऊन आपण छाती फुगवतो आणि पुढे जातो. त्याची हत्यारांची यादी मात्र थांबून वाचण्यासारखी आहे. तो हत्यारांचे दोन वर्ग करतो. धार असलेली ती शस्त्रं, बिनधारेची ती यंत्रं. शस्त्रं २०. यंत्रं १०१. त्यांत स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रं २५. सगळी यंत्रं काही बाहेर काढण्यासाठी नाहीत. पण पकडणं, ओढणं, शोषणं, आत बघणं ही कामं त्यांचीच. म्हणजे कापण्याला २० हत्यारं आणि कापण्याच्या आगेमागे लागणारी त्याच्या पाचपट. आणि या १०१ मध्ये सर्वांत महत्त्वाचं यंत्र कोणतं, तर हात, असंही तो सांगून ठेवतो. ज्यानं हातानं काम केलंय त्यालाच हे सुचेल.

मूतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्याची एक सूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. मूत्राशयातला खडा काढताना तो फुटणार नाही, त्याचा चुरा होणार नाही याची काळजी घ्यायला तो सांगतो. कारण असं, की चुऱ्याचा थोडासा अंश जरी आत राहिला तरी तो पुन्हा वाढतो. म्हणून अग्रवक्र, म्हणजे टोकाशी वाकवलेल्या हत्यारानं तो सगळाच्या सगळा बाहेर घ्यावा. खडा म्हणजे काही पेशींचा गोळा नव्हे. तरीही ही सूचना लक्षात ठेवा. एकविसाव्या शतकात बोस्टनमधल्या एका स्त्रीच्या निमित्तानं आपल्याला तिच्याकडे परत यायचं आहे.

घशात पडणारा तुकडा

घसा ही उघडी जागा, डोळ्यांना दिसणारी. तिथे कापणं सोपं वाटतं. फिलाडेल्फियाच्या फिलिप फिजिक यांनी १८२८ मध्ये टॉन्सिल कापण्याचं एक हत्यार पुढे आणलं. कडं आणि त्यात सरकणारं पातं. टॉन्सिल कड्यात घ्यायची, पातं ढकलायचं. पण कापलेली टॉन्सिल गेली कुठं? भूल देण्याची पद्धत अजून यायची होती. रुग्ण खुर्चीत बसलेला, घाबरलेला, बहुधा लहान मूल. तुकडा सुटून श्वासनलिकेत गेला तर जीवच जायचा. चार वर्षांनी, १८३२ मध्ये, फानेस्टॉक यांनी त्याच कड्याला एक सुई जोडली. सुई आधी टॉन्सिलमध्ये टोचते, मग कडं कापतं. कापलेला तुकडा सुईवरच अडकून बाहेर येतो.

नाकाच्या मागे वाढणाऱ्या अॅडेनॉइडच्या बाबतीतही हेच घडलं. आधी नुसतं वाकडं पातं होतं. नंतर सेंट क्लेअर थॉमसन यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या हत्यारात पात्याच्या मागे एक छोटा पिंजरा आला, सुटलेला भाग घशात घसरू नये म्हणून. हे पिंजऱ्याचं हत्यार आजही अनेक रुग्णालयांच्या ट्रेमध्ये असतं. आम्ही लेथवर जॉब कापून पडताना खाली हात धरत नाही, पार्ट कॅचर लावतो. पिंजरा म्हणजे तोच.

इंदूरची मुलं

मूत्राशय ही बंद जागा. तिथे हा प्रश्न अधिक अवघड होतो. पॅरिसमध्ये झां सिव्हियाल यांनी १८२४ मध्ये पोट किंवा सीवन न कापता, मूत्रमार्गातून हत्यार घालून खडा आतल्या आत फोडून दाखवला. मोठीच गोष्ट. पण फोडलेले तुकडे लघवीवाटे आपोआप पडतील अशी आशा करत रुग्णाला घरी पाठवत. काही दिवसांनी पुन्हा बोलवायचं, पुन्हा फोडायचं. हे सरळ पेक ड्रिलिंग होतं, आणि मधल्या दिवसांत टोकदार तुकडे आत टोचत राहत.

१८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी फोडण्याच्या हत्यारासोबत एक रुंद नळी आणि रबरी फुगा जोडून दिला. फुगा दाबला की पाणी आत, सोडला की पाण्यासोबत चुरा बाहेर. फोडणं आणि काढणं एकाच बैठकीत. वेळ जास्त लागायचा, पण तोवर भूल आलेली होती आणि मूत्राशय पूर्ण रिकामं करूनच हत्यार बाहेर यायचं.

या कथेत आपल्या माणसांचा एक धागा आहे. हिंदुस्थानात लहान मुलांमध्ये मूतखडा फार. युरोपातल्या शल्यविशारदांचं मत असं, की मुलांचा मूत्रमार्ग इतका अरुंद की ही पद्धत त्यांना लागू नाही. त्यांना चिरावंच लागेल. होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात लहान मापाची हत्यारं वापरून हे मत खोटं ठरवलं. इंदूर-माळव्याच्या ज्या मुलांवर हे घडलं त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण जगभरच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत मुलांबाबतचा तो नियम बदलला तो त्यांच्यामुळे.

हत्यार लहान करणं ही किरकोळ सुधारणा वाटेल. टूलरूममधल्या माणसाला विचारा. नळीचा आतला व्यास निम्मा केला की तिच्या छेदाचं क्षेत्र चौथाई होतं, आणि त्यातून जाणारा प्रवाह त्याहून कितीतरी जास्त घटतो. मग चुरा अडकतो. पॅरिसचे हत्यार-कारागीर शारिएर यांनी नळ्यांच्या मापाची जी पट्टी ठरवली ती आजही चालते. औषधाच्या दुकानात आपण ‘१६ नंबरचा कॅथेटर’ मागतो तो त्यांचाच नंबर. ३ नंबर म्हणजे १ मिलिमीटर. १६ नंबर म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या किंचित वर.

हीच वाट पुढे प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनं धरली. मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या आणि पुढे जोसेफ मॅकार्थी यांनी सुधारलेल्या रेसेक्टोस्कोपमध्ये विजेनं तापणारी तारेची कडी प्रोस्टेटचे पातळ काप काढते. या कापांना मूत्रविकारतज्ज्ञ काय म्हणतात? ‘चिप्स’. आमचाच शब्द. ते धुऊन काढायला मिलो एलिक यांचा काचेचा आणि रबरी फुग्याचा इव्हॅक्युएटर १९३७ मध्ये आला. तरी मूत्राशय पाण्यानं भरलं की थांबायचं, रिकामं करायचं, पुन्हा सुरू, हा प्रकार चालू राहिला. १९७० च्या दशकात इग्लेसियास यांनी एकाच नळीतून पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेगळी वाट करून दिली. हे माझ्या दृष्टीनं शस्त्रक्रियेतलं गन ड्रिल. शिवाय या चिप्स फेकत नाहीत. तपासायला पाठवतात, आणि कधी कधी त्यांतच आधी न सापडलेला कर्करोग सापडतो.

खवणी आणि नळी

आता घरातली गोष्ट, कारण तिच्यावाचून हा लेख मी लिहिला नसता.

आमच्या आईला पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाल्यावर पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. तिनं तो दोन महिने लपवला. मग एका तालुक्याच्या गावी नेलं. तिथे क्युरेटिंग केलं. आमच्याकडच्या बायका याला ‘पिशवी धुतली’ म्हणतात. या शब्दानं फार घोटाळा केला आहे. धुतली म्हणजे स्वच्छ झाली, दुखणं गेलं, असं वाटतं. आईलाही तसंच वाटलं, आम्हालाही. डिस्चार्ज कार्डावर तारीख होती, केलेल्या कामाचं नाव होतं, गोळ्या होत्या. काढलेलं जे काही होतं ते तपासायला पाठवलं का, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वर्षभरानं पुन्हा रक्त गेलं. मिरजेला नेलं, तिथे तपासणी झाली, तेव्हा रोग पिशवीबाहेर पसरलेला होता. त्यानंतर दीड वर्षात आई गेली. आधी तपासलं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावात गर्भाशयाचं अस्तर खरवडतात ते मुख्यतः त्यात काय आहे ते बघायला. बघायचंच नसेल तर खरवडलं कशाला?

क्युरेट हे हत्यार पॅरिसच्या जोसेफ रेकामिए यांनी १८४० च्या दशकात प्रचारात आणलं. लांब दांड्याचा, टोकाशी धारदार चमचा किंवा कडी. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा भाऊबंद आहे: विळीच्या टोकाची खवणी. नारळ खवणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की पांढरं खोबरं संपत आलं की हात हलका करायचा, नाहीतर करवंटीलगतची तपकिरी साल किसात येते. ती हे डोळ्यांनी बघून करते. क्युरेट मात्र न बघता, केवळ हाताला लागणाऱ्या खरखरीवर चालतं. हात जड पडला तर अस्तर पुन्हा ज्यातून वाढतं तो तळचा थरच निघतो, भिंती एकमेकींना चिकटतात. जोसेफ अॅशरमन यांनी १९४८ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं आणि ते दुखणं त्यांच्या नावानं ओळखलं जातं. आणि प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना गर्भाशयाला भोक पडण्याची भीती. पेक ड्रिलिंगच, पण डोळे मिटून.

यावर उत्तर आलं ते शोषणाचं. गर्भपातासाठी गर्भाशय शोषणानं रिकामं करण्याची पद्धत चीनमधल्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या नळ्या धातूच्या, पंप विजेचे. कॅलिफोर्नियाच्या हार्वे कारमन यांनी ती नळी मऊ प्लास्टिकची केली. टोक गोल आणि बंद, टोकाजवळ समोरासमोर दोन खाचा. भिंतीला टेकली तर नळी वाकते, भोसकत नाही. मागे साधी सिरिंज. पिस्टन ओढून अडकवायचा की निर्वात तयार. वीज नको, पंप नको. भारनियमनाच्या दिवसांत तालुक्याच्या गावी याचा अर्थ काय हे वेगळं सांगायला नको. माल्कम पॉट्स यांच्यासोबतचा कारमन यांचा लेख १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

कारमन डॉक्टर नव्हते. स्वतः शिकलेला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल ओढ वाटली, हे कबूल करतो. पण त्याच माणसानं ‘सुपर कॉइल’ नावाचं दुसरं एक साधन पुरेशा चाचणीशिवाय बायकांवर वापरलं आणि त्यात अनेकींना इजा झाली, हेही त्याच काळातलं. कल्पकता म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. हे आम्हा आपोआप शिकलेल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

योगायोग असा, की तेव्हाच आपल्याकडे कायदा बदलत होता. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. कायदा आणि मऊ नळी एकाच वर्षी दारात उभी होती. तरी खरवडण्याची सवय टिकली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शिकेत धारदार क्युरेटनं गर्भपात करणं कालबाह्य म्हटलं आणि शोषणाची पद्धत वापरायला सांगितलं. म्हणजे नळी आल्यावर चाळीस वर्षांनीही हे सांगावं लागत होतं.

या सिरिंजच्या पद्धतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट शेवटी येते. सिरिंजमधलं सगळं पारदर्शक भांड्यात, पाण्यात पसरवून, खालून उजेड देऊन बघायचं. जे निघायला हवं ते सगळं निघालं का? काम संपलं हे हात ठरवत नाही, निघालेला भाग ठरवतो. आणि आईसारख्या रुग्णांत अस्तराचा नमुना घेण्यासाठीही बारीक शोषणनळी आहेच. फ्रान्सच्या एतियेन कॉर्निए यांची पिपेल १९८० च्या दशकातली. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. नळीच्या पोटात पिस्टन. तो मागे ओढला की नमुना आत येतो आणि नळीतच राहतो. म्हणजे हत्यार हीच नमुन्याची डबी.

वेग वाढला तेव्हा

१९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आतला गढूळ द्रव कापून काढणारं हत्यार केलं. कापणं, शोषणं आणि काढलं तेवढं पाणी आत भरणं, तिन्ही एकाच नळीत. जां-मारी पारेल या अभियंत्याची त्यांना साथ होती. पुढे सांध्यांतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणि १९९० च्या दशकात नाकात, खिडकीची दुहेरी नळी आली; तीच, जी मला प्रोजेक्टरवर दिसली. शोषणानं मऊ भाग खिडकीत ओढला जातो, आतली नळी फिरते आणि तो कापते. एकाच दिशेनं फिरवली तर भाग पात्याला गुंडाळतो. म्हणून ती उलटसुलट फिरवतात. चिकट अॅल्युमिनियमचं काम केलेल्याला हे लगेच पटेल. खिडकीत आलेलं पातं भेदभाव करत नाही, म्हणून डोळ्याच्या खोबणीजवळ फार जपावं लागतं. आणि शोषणाच्या वाटेत एक जाळी बसवावी लागते, नाहीतर तपासायचं ते सगळं बाटलीतल्या पाण्यात मिसळून जातं.

ही जाळी बसवायची आठवण न राहिल्याची मोठी किंमत दुसऱ्याच एका हत्यारानं दाखवली. पॉवर मॉर्सेलेटर. गर्भाशयातल्या मोठ्या गाठी दुर्बिणीच्या लहान छिद्रातून काढण्यासाठी फिरतं नळकांडं. गाठ ओढत न्यायची, ती सोलल्यासारखी लांब पट्ट्यांनी बाहेर येते. यंत्र म्हणून देखणं. चीर लहान, वेदना कमी, बाई लवकर घरी. पण पट्ट्या निघताना बारीक कण पोटात उडत होते. २०१३ मध्ये बोस्टनमधल्या भूलतज्ज्ञ एमी रीड यांची अशी शस्त्रक्रिया झाली आणि नंतरच्या तपासणीत त्या गाठीत कर्करोग निघाला. कण पोटभर गेलेले होते. त्यांनी आणि त्यांच्या पतीनं हा प्रश्न लावून धरला. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला, की गाठींसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला असा कर्करोग असू शकतो. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीनं आपली यंत्रं बाजारातून मागे घेतली. २०१६ मध्ये गाठ आधी बंद पिशवीत घेऊन तिच्या आत कापण्याच्या साधनाला परवानगी मिळाली. २०१७ मध्ये एमी रीड गेल्या.

चुऱ्याचा थोडासा अंश जरी आत राहिला तरी तो पुन्हा वाढतो. सुश्रुतानं हे खड्याबद्दल लिहिलं होतं. त्याला पेशी ठाऊक नव्हत्या. पण तुकडा कुठं गेला हा प्रश्न त्यानं विचारला होता, आणि धारेच्या वेगानं भारावलेल्या यंत्रकारांनी तो विचारायचा ठेवला होता.

फर्स्ट पीस

कागलमध्ये पाळी सुरू झाली, की मशीनवर निघालेला पहिला जॉब तपासणीला जातो. त्याला फर्स्ट पीस म्हणतात. त्यावर सही होऊन येईपर्यंत मशीन थांबतं. मालक कितीही घाईत असला तरी थांबतं. शरीरातून काढलेला भाग हा फर्स्ट पीसच असतो, आणि शेवटचाही. दुसरा मिळत नाही. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला, बाटलीवर नाव पडलं, ती पॅथॉलॉजिस्टकडे पोचली आणि तिथून कागद परत आला, की मी म्हणतो हत्याराचं काम संपलं. गेल्या दोनशे वर्षांत या हत्यारांत ज्या सुधारणा टिकल्या, ती सुई, पिंजरा, फुगा, मऊ नळी, जाळी आणि पिशवी, त्या सगळ्या कापून झाल्यानंतरच्या क्षणासाठी होत्या. शेवटचा टप्पा, बाटलीपासून कागदापर्यंतचा, पोलादाचा नाही. तो माणसांचा आहे आणि त्यात विचारणारा एक माणूस नातेवाइकांतलाही लागतो.

आता घरात, शेजारी, शॉपमधल्या कुणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया निघाली की मी एवढंच सांगतो: डॉक्टरांना नम्रपणे विचारा, काढलेलं तपासायला पाठवणार ना, आणि रिपोर्ट कधी मिळेल? बहुतेक डॉक्टर चांगलं उत्तर देतात. काहींना तर बरं वाटतं. हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. आईचं ते डिस्चार्ज कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर तपासणीच्या निष्कर्षासाठी छापलेली एक ओळ आहे. ती कोरी आहे.